केर काढणारीवरचा आळ

आजोळच्या वाड्यात आजीची नथ हरवली, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दिवाळी चार दिवसांवर आलेली, माळ्यावरची पितळी भांडी चिंचेनं घासायला खाली काढलेली, आणि अशात फडताळातली नथीची डबी रिकामी निघाली. डबे उपडे झाले, ट्रंका उलथ्यापालथ्या झाल्या, गाद्या उसवायच्या तेवढ्या राहिल्या. उघड कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा केर काढायला येणाऱ्या मावशींवर खिळल्या. माजघरापासून माळ्यापर्यंत सगळीकडे हात फिरायचा तो एकट्या त्यांचाच. शिवाय डबी रिकामी असल्याचं पहिल्यांदा सांगितलंही त्यांनीच. फडताळ पुसताना डबी हलकी लागली, म्हणून त्या आजीला सांगायला आल्या आणि स्वतःवर आळ ओढवून बसल्या. पौष उजाडेपर्यंत त्यांचं येणं बंद झालं.

दोन वर्षांनी सुतार आला. फडताळाच्या खणाची तळफळी वाळून आक्रसली होती आणि मागच्या बाजूला बोटभर फट पडली होती. नथ त्या फटीतून घरंगळून लाकडाच्या पोटात जाऊन बसली होती.

सॉफ्टवेअरमध्ये पोट भरायला लागल्यापासून ती नथ मला अनेकदा आठवली. संगणकातही केर काढणारी एक व्यवस्था असते. तिचा हात सगळीकडे फिरतो, मोडतोड पहिल्यांदा तिच्याच लक्षात येते आणि म्हणूनच पहिला आळही तिच्यावर येतो. हा लेख अशाच एका आळाचा आहे. त्यातला केर होता फ्रान्समध्ये जन्मलेल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेतला, आणि फट निघाली थेट इंटेलच्या प्रोसेसरमध्ये.

नाव घ्यायलाही संकोच

कुठलाही प्रोग्रॅम चालताना क्षणोक्षणी वस्तू निर्माण करत असतो. तुम्ही मोबाइलवर बोट सरकवता तेव्हा पडद्यावर येणारा प्रत्येक निरोप, फोटो, यादी, यादीतली एकेक ओळ यांना मेमरीत जागा लागते. ज्या विस्तीर्ण भागातून ही जागा दिली जाते, त्याला ‘हीप’ म्हणतात. काम झालं की जागा परत द्यायची. सी भाषेत हा हिशेब प्रोग्रॅमरच्या गळ्यात असतो. परत करायला विसरला, तर मेमरी भरत जाते. घाईनं परत केली, तर तिथं दुसऱ्याचा संसार थाटला जातो आणि पहिला अजूनही ती आपलीच समजून तिच्यात हात घालत राहतो.

या हिशेबातून माणसाची सुटका करण्याची कल्पना अमेरिकेत एमआयटीमध्ये लिस्प भाषा घडवताना जॉन मॅकार्थी यांना सुचली. कुठली वस्तू कामाची उरलेली नाही, हे प्रोग्रॅमनंच शोधून काढावं आणि जागा मोकळी करावी! प्रयोगशाळेत या कामाला सगळे ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणत, पण १९६० साली छापलेल्या निबंधात तो शब्द आला नाही. तो वापरायचं आपलं धाडस झालं नसावं, किंवा प्रयोगशाळेत भाषा तपासणाऱ्या बायकांनी तो चालू दिला नसता, असं मॅकार्थींनी नंतर एका तळटीपेत गमतीनं लिहिलं. केराचं काम नावापासूनच असं उपेक्षित. आज मात्र जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, गो, रुबी या सगळ्या भाषांचा डोलारा त्याच कामावर उभा आहे. आपल्या अँड्रॉइड फोनमध्येही ही केरसुणी दिवसभर फिरत असते. बोलीभाषेत तिला नुसतं ‘जीसी’ म्हणतात.

काम दोन फेऱ्यांत होतं. पहिल्या फेरीत वापरात असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करून जिथं जिथं पोचता येतं, तिथं तिथं खूण करायची. या वस्तूत त्या वस्तूचा पत्ता, तिच्यात तिसरीचा, असं करत जायचं. या पत्त्यांनाच ‘पॉइंटर’ म्हणतात. दुसऱ्या फेरीत हीपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडत जायचं. जिच्यावर खूण नाही, तिच्याकडे जायची वाटच उरलेली नाही. म्हणजे तो केर.

आपल्या गोष्टीतली भाषा आहे ओकॅमल. तिचं मूळ फ्रान्समधल्या ‘इन्रिया’ या सरकारी संशोधन संस्थेत आहे. १९९० साली झाविए लरुआ आणि दामियाँ दोलिझे यांनी ‘कॅमल लाइट’ ही तिची आधीची आवृत्ती केली. त्यातली मेमरीची व्यवस्था दोलिझे यांची होती. या गोष्टीच्या काळातल्या ओकॅमलमध्ये प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर एक चिठ्ठी असायची, माळ्यावरच्या डब्यांना लावलेली असते तशी. चिठ्ठी ६४ बिटांची. वरच्या ५४ बिटांत डब्याचा आकार, खालच्या ८ बिटांत आत काय प्रकारचा माल आहे ते, आणि या दोहोंच्या मध्ये दोन बिट रंगाचे. दोन बिटांत चार रंग मावतात. पांढरा म्हणजे अजून कुणी न पाहिलेला डबा. करडा म्हणजे पाहिलेला, पण आतले पत्ते तपासायचे राहिलेला. काळा म्हणजे पुरता तपासलेला. निळा म्हणजे आधीच रिकामा. पांढरा-करडा-काळा ही रीत डाइक्स्ट्रा आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडली. निळा ही ओकॅमलची पदरची भर.

झाडणीची फेरी अशी चालते: चिठ्ठी वाचायची. डबा पांढरा असेल, तर रिकाम्यांत टाकायचा. काळा असेल, तर रंग पुसून पांढरा करायचा, म्हणजे पुढच्या खेपेला तो तयार. मग चिठ्ठीवरच्या आकाराएवढं पुढं सरकायचं, की पुढची चिठ्ठी. मेमरीत डब्याडब्यांमध्ये भिंती नसतात. कुठला डबा कुठं संपतो, हे फक्त चिठ्ठी सांगते. एका चिठ्ठीतला आकार चुकला, की पुढचं पाऊल कुणाच्या तरी डब्यात मधोमध पडतं. तिथं एखाद्याच्या नावातली अक्षरं असतील, ती चिठ्ठी म्हणून वाचली जातात, आणि तिथून पुढं सगळाच घोटाळा.

घाव एकीकडे, रक्त दुसरीकडे

मेमरी बिघडण्याच्या दुखण्याचा शोध इतर दुखण्यांपेक्षा अवघड असतो. त्याचं कारण इथंच आहे. समजा, सकाळी दहा वाजता प्रोग्रॅमच्या एखाद्या कोपऱ्यात कुणीतरी आपल्या डब्याबाहेर चार अक्षरं जास्त लिहिली. शेजारच्या डब्याची चिठ्ठी खराब झाली. त्या क्षणी काहीच होत नाही. ज्यानं घाण केली, तो आपलं काम आटोपून निघूनही जातो. साडेदहाला जीसीची फेरी येते, खराब चिठ्ठी वाचते, भलत्या पत्त्यावर पाय टाकते आणि प्रोग्रॅम कोसळतो. पंचनाम्याला ‘कोअर डम्प’ म्हणतात. मरताक्षणीच्या मेमरीचा तो हुबेहूब ठसा. तो उघडून पाहिला, तर प्रेताशेजारी हातात केरसुणी घेऊन कोण उभी असते? जीसी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला संन्यासी निदान लांब तरी असायचा.

या धंद्यात मुरलेल्या लोकांनी म्हणून काही युक्त्या शोधल्या आहेत. पहिली म्हणजे मोकळ्या झालेल्या जागेत विष भरून ठेवणं. रिकाम्या जागेत ठरावीक आकडा लिहून ठेवायचा. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये मोकळी केलेली जागा ‘ई५’ या हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा-आधारी पद्धतीतल्या, आकड्यानं भरतात. पुढं कोअर डम्पमध्ये पॉइंटरच्या जागी ‘ई५ई५ई५’ दिसलं, की मेलेल्या वस्तूला कुणीतरी हात लावला हे कळतं. दुसरी युक्ती म्हणजे केरसुणी वाजवीपेक्षा कितीतरी जास्त वेळा फिरवणं. रुबीमध्ये आणि फायरफॉक्सच्या जावास्क्रिप्ट इंजिनात यासाठी मुद्दाम कळ ठेवलेली आहे. दर काही पावलांनी झाडून घ्यायचं, म्हणजे घाण झाल्यापासून ती दिसेपर्यंतचा वेळ अर्ध्या तासावरून क्षणावर येतो. तिसरी युक्ती मोझिलात जन्मलेल्या ‘आरआर’ या साधनाची. प्रोग्रॅमची संपूर्ण धाव नोंदवून ठेवायची आणि कोसळल्या जागेपासून काळ उलटा फिरवत जायचं. ही चिठ्ठी शेवटची कुणी लिहिली, असं विचारायचं, की गुन्हेगार मागच्या पावलांनी आपल्यासमोर चालत येतो.

मात्र या सगळ्या युक्त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की चूक प्रोग्रॅममध्ये आहे. संशयाची एक उतरंड ठरलेली आहे. आधी स्वतः लिहिलेला कोड, मग दुसऱ्याकडून घेतलेला, मग भाषेची आतली व्यवस्था, मग कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कम्पायलर, मग ऑपरेटिंग सिस्टिम आणि सगळ्यांत शेवटी यंत्र. ही उतरंड रास्त आहे. ‘माझं बरोबर आहे, कॉम्प्युटर चुकतोय’ असं म्हणणारा नवखा प्रोग्रॅमर शंभरातल्या नव्याण्णव वेळा स्वतः चुकलेला असतो. प्रश्न उरतो तो शंभराव्या खेपेचा.

एक पत्र पॅरिसला

एप्रिल २०१६च्या अखेरीस ओकॅमलची ४.०३ ही आवृत्ती बाहेर पडली. थोड्याच दिवसांत लरुआ यांच्याकडे एका कंपनीची तक्रार आली. नव्या आवृत्तीवर बांधलेला त्यांचा प्रोग्रॅम मधूनच कोसळत होता, आणि जुन्या ४.०२ वर असं कधीच होत नव्हतं. ही हकिकत लरुआ यांनी पुढं स्वतः लिहून ठेवली. तिच्यात त्यांनी त्या कंपनीचं नाव दिलेलं नाही. ‘ओकॅमलचे गंभीर औद्योगिक वापरकर्ते’ एवढीच तिची ओळख आहे.

लरुआ हे साधंसुधं नाव नाही. सी भाषेचा ‘कॉम्पसर्ट’ हा कम्पायलर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवला. कम्पायलर दिलेल्या प्रोग्रॅमचा अर्थ बदलत नाही, हे त्यांनी त्यात भूमितीतलं प्रमेय सिद्ध करावं तसं सिद्ध केलं. पुढं २०१८ मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. सॉफ्टवेअर बरोबर आहे याची खात्री कशी द्यायची, हा ज्याच्या आयुष्याचा विषय, त्याच्याच भाषेची केरसुणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली होती.

नवी आवृत्ती कोसळते आणि जुनी नाही, म्हणजे दोष नव्या आवृत्तीत, असं कुणीही म्हणेल. तरी लरुआंच्या मनात यंत्राविषयी शंका आली. खराब रॅम हे जुनं दुखणं आहे. नव्वदच्या दशकात लिनक्स वापरणाऱ्यांना ‘सिग्नल ११’ची चांगलीच ओळख होती. मोठा कोड कम्पाइल करताना मशीन अधूनमधून कोसळे आणि बहुतेकदा रॅमची एखादी पट्टी वाईट निघे. पण इथं कंपनीनं एकापेक्षा अधिक मशिनं लावून पाहिली होती. सगळ्याच मशिनांतली रॅम एकदम नासेल कशी?

मग लक्षणांची जुळणी सुरू झाली. जुन्या पिढीच्या प्रोसेसरांवर प्रोग्रॅम सुरळीत चाले. कोसळणारी मशिनं इंटेलच्या ‘स्कायलेक’ पिढीची होती, ऑगस्ट २०१५ मध्ये बाजारात आलेल्या. त्यातही मशीन कामानं गच्च भरलेलं असलं, की क्रॅश लवकर येई. आता संशयाची सुई हायपर-थ्रेडिंगकडे वळली. एका स्वयंपाकघरात दोन सुगरणी उभ्या कराव्यात, तशी ही सोय आहे. शेगडी एकच, ओटा एकच. पण एकीची डाळ शिजेपर्यंत दुसरी पोळ्या लाटते, म्हणून शेगडी मोकळी राहत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन स्वयंपाकघरं असल्यासारखं वाटतं. इंटेलनं ही सोय २००२ मध्ये आणली. प्रोसेसरच्या आत दोन कामांनी एकच सामान वाटून घ्यायचं, म्हणजे डबे एकमेकांत मिसळण्याची जागा तिथंच. शिवाय स्कायलेकचं एक प्रकरण २०१६च्या जानेवारीत गाजलंही होतं. मोठाल्या मूळ संख्या शोधणाऱ्या ‘प्राइम९५’ या प्रोग्रॅमखाली तो प्रोसेसर गोठून पडतो, हे इंटेलनं मान्य केलं होतं.

हायपर-थ्रेडिंग बंद करून पाहायचं ठरलं. मशीन सुरू होताना दिसणाऱ्या सेटिंगमधली एक कळ खाली केली. क्रॅश थांबले ते थांबलेच.

कंपनीचं काम सुरू झालं आणि तपास तिथंच मावळला. प्रोसेसरच नादुरुस्त आहे असं जगाला सांगायला हातात काय होतं? एक खासगी प्रोग्रॅम, काही कोअर डम्प आणि एक कळ. कारण अजून मिळालेलं नव्हतं, मिळाला होता तो फक्त उतारा. उतारा मिळाला की निदान करायला कुणाला वेळ असतो?

वाड्याचं मधलं दार

आठ महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, तेच भूत दुसऱ्या दारी उभं राहिलं. ‘एचरेफ्स’ ही वेबसाइटांच्या दुव्यांची मोजदाद करणारी कंपनी ओकॅमलचा भरपूर वापर करते. तिच्या अभियंत्यांकडे तर ओकॅमलचा कम्पायलरच मधूनमधून कोसळू लागला. आता कंपनीचा गुप्त कोड मध्ये नव्हता. कम्पायलर सगळ्यांकडे असतो, त्यामुळे कुणालाही आपल्या मशीनवर करून पाहता येत होतं. तक्रार वाचताच लरुआंना मागची केस आठवली. प्रोसेसर स्कायलेक आहे का? आहे. हायपर-थ्रेडिंग चालू आहे का? आहे.

या खेपेला मंडळींनी पाठ सोडली नाही. एचरेफ्सच्या अभियंत्यांनी एक महत्त्वाचा धागा काढला. ओकॅमलची जीसी स्वतः सी भाषेत लिहिलेली आहे. ती जीसीसी या कम्पायलरच्या ‘ओ१’ या पायरीवर बांधली, तर क्रॅश येत नाहीत. ‘ओ२’ या जास्त चलाख पायरीवर बांधली, तर येतात. क्लँग या दुसऱ्या कम्पायलरनं बांधली, तरी येत नाहीत. मग जुनी आवृत्ती का सुखरूप होती, याचाही उलगडा झाला. ४.०२ मध्ये ही आतली व्यवस्था खालच्या पायरीवर बांधली जात होती, आणि ४.०३ मध्ये ती ‘ओ२’वर नेली गेली होती. जीसीच्या कोडमध्ये कुणी चूक केली नव्हती. तोच कोड यंत्राच्या भाषेत उतरताना वेगळ्या शब्दांत उतरला होता.

आता त्या शब्दांकडे बघू, कारण सगळी गंमत तिथं आहे.

इंटेलच्या प्रोसेसरचा ‘रॅक्स’ हा रजिस्टर, म्हणजे हाताशी लागणारा आकडा ठेवायची प्रोसेसरच्या आतली जागा, जुन्या पुणेरी वाड्यासारखा वाढत गेला आहे. १९७८ साली ८०८६ हा प्रोसेसर आला तेव्हा तो सोळा खोल्यांचा, म्हणजे सोळा बिटांचा होता. नाव ‘एएक्स’. आठ-आठ खोल्यांच्या दोन सोप्यांना स्वतंत्र दारं होती: खालच्या आठांचं ‘एएल’ आणि वरच्या आठांचं ‘एएच’. १९८५ मध्ये ८०३८६ आला आणि वाडा बत्तीस खोल्यांचा झाला. २००३ मध्ये एएमडीनं तो चौसष्ट खोल्यांचा केला आणि त्याला ‘रॅक्स’ म्हटलं. पण जुने प्रोग्रॅम चालले पाहिजेत, म्हणून जुनी दारं बुजवली नाहीत. चौसष्ट खोल्यांच्या वाड्यात आठव्यापासून पंधराव्या बिटापर्यंतच्या सोप्याला ‘एएच’ हे दार आजही आहे. त्या दारानं फारसं कुणी जात-येत नाही.

आता ओकॅमलची चिठ्ठी आठवा. खालचे आठ बिट मालाचे, म्हणजे शून्यापासून सातपर्यंत. त्याच्यावरचे दोन रंगाचे, आठवा आणि नववा. म्हणजे रंग बसला होता तो नेमका एएचच्या उंबऱ्याला लागून! झाडणीच्या फेरीत काळा डबा पांढरा करायचा, तर हे दोन बिट पुसायचे. साधा कम्पायलर चौसष्टही बिटांच्या वाड्याला पुरेल असा मोठा हुकूम काढतो आणि त्याला सहा बाइट लागतात. ‘ओ२’वरच्या जीसीसीनं हुशारी केली. दोनच बिट पुसायचे, मग मधल्या दारानंच का जाऊ नये? एएचवर २५२ या आकड्याची चाळणी लावली, की दोन्ही बिट साफ. हुकूम तीन बाइटांत मावतो. मग अख्खा रॅक्स परत मेमरीत लिहायचा. हे सगळं एका आखूड लूपमध्ये, डब्यामागून डबा, लाखो वेळा.

हुकूम पूर्ण कायदेशीर होता. इंटेलच्या पुस्तकात बसणारा होता. जीसी निर्दोष होती, कम्पायलरही निर्दोष होता. आणि तरीही चिठ्ठ्या बिघडत होत्या.

इंटेल आपल्या प्रोसेसरांतल्या ज्ञात दोषांच्या याद्या प्रसिद्ध करते. स्कायलेकच्या यादीत ‘एसकेएल१५०’ हा दोष आला. त्याचा मथितार्थ असा: चौसष्टांपेक्षा कमी हुकमांच्या आखूड लूपमध्ये एएचसारखा अर्धा रजिस्टर आणि त्याचाच पूर्ण अवतार हे दोन्ही वापरले, आणि त्याच वेळी शेजारची दुसरी सुगरणही कामात असली, तर गुंतागुंतीच्या अंतर्गत परिस्थितीत यंत्र कसंही वागू शकतं. ओकॅमलची झाडणीची फेरी म्हणजे या वर्णनाचं जणू पासपोर्ट साइझ छायाचित्र होतं. लूप आखूड. एएच आणि रॅक्स दोन्ही हाताशी. गच्च भरलेल्या मशीनवर शेजारीणही जागी. स्कायलेकमध्ये आखूड लूप लक्षात ठेवून तो पुन:पुन्हा न वाचता चालवणारी एक छोटी स्मृती होती. पुढच्या दुरुस्तीत ती या प्रोसेसरांवर बंदच करण्यात आली. फट होती ती तिथं.

१९९४ मध्येही एका गणिताच्या प्राध्यापकानं, थॉमस नायसली यांनी, जुळ्या मूळ संख्यांचे व्यस्त मोजताना पेंटियमचा भागाकार चुकतो हे पकडलं होतं. ते प्रकरण इंटेलला ४७.५ कोटी डॉलरना पडलं. पण भागाकार चुकला, तर ज्याला उत्तर माहीत आहे त्याला ती चूक कागदावर दाखवता येते. इथं उत्तरच नव्हतं. होते फक्त प्रोग्रॅमचे मुडदे, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडलेले.

हेअर ड्रायरची साक्ष

अशी फट नेहमी प्रोसेसरमध्येच असते असं नाही. त्याच २०१७ साली हेक्टर मार्टिन या हरहुन्नरी प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर गो भाषेतला एक देखरेखीचा प्रोग्रॅम अधूनमधून कोसळत होता. खुणा ओळखीच्याच होत्या: मेमरी बिघडलेली, पॉइंटर भलतीकडे. गो ही स्वतःची केरसुणी असलेली भाषा आहे, तेव्हा संशयाला जागा तयारच होती. मार्टिननी मात्र आधी रॅम तपासली आणि तिच्यात खरोखरच एक बिट वाईट निघाला. रॅम तापली की तो बिट दगा देई, म्हणून कुठली पट्टी दोषी आहे हे त्यांनी हेअर ड्रायरनं गरम हवा मारून ठरवलं. तेवढी जागा वापरायची नाही, असं लिनक्सला बजावून ते मोकळे झाले.

क्रॅश चालूच राहिले! चोर सापडला होता, पण ही चोरी त्याची नव्हती.

मग त्यांनी लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, मोर्चा वळवला. एका प्रकारे कम्पाइल केलेला कर्नल क्रॅश आणी, दुसऱ्या प्रकारे केलेला आणत नसे. पण हजारो फायलींपैकी दोषी कुठली? त्यांनी प्रत्येक फायलीच्या नावाचा गणिती ठसा काढला. ठशातल्या एकेका बिटाप्रमाणे निम्म्या फायली एका प्रकारे, निम्म्या दुसऱ्या प्रकारे बांधायच्या, क्रॅश येतो का बघायचं आणि पुढच्या बिटाकडे जायचं. असं निम्मं-निम्मं करत ते एकाच फायलीशी पोचले. प्रोग्रॅमला घड्याळाची वेळ चटकन सांगणारा तो कोड होता.

कम्पायलरच्या एका सुरक्षेच्या सोयीमुळे तो कोड आपल्या जागेच्या चार हजारांहून जास्त बाइट खाली जाऊन एक जागा चाचपून बघत होता. तिथलं मूल्य वाचायचं, त्यात काहीही न बदलता तेच परत लिहायचं. वरकरणी निरुपद्रवी! पण गोमध्ये तेव्हा अशा वेळी हाताशी खात्रीची जागा असायची ती फक्त १०४ बाइटांची. त्यापलीकडे दुसऱ्याचा संसार. वाचणं आणि परत लिहिणं यांच्यामधल्या निमिषात शेजाऱ्यानं तिथं काही नवं लिहिलं, तर ते पुसून जुनंच पुन्हा लिहिलं जाई. कुणी काही चोरलं नव्हतं. कुलूप लागलंय ना, हे बघायला गेलेल्या रखवालदाराच्या हातूनच दार उघडं राहत होतं. पुढं गोच्या मंडळींनी वेळ विचारण्याचं काम ऐसपैस जागेवर नेलं आणि विषय मिटला.

लरुआ काय आणि मार्टिन काय, दोघांनीही संशयाची उतरंड मोडली नाही. ते एकेक पायरी उतरत गेले. फक्त शेवटच्या पायरीवर ‘इथं असणार नाही’ असं म्हणून थांबले नाहीत. आणि केरसुणीच्या हातात मुद्देमाल दिसला, म्हणून तिला दोषी ठरवून फाइल बंद केली नाही.

पावती

इंटेलपर्यंत ओकॅमलवाल्यांनी गाऱ्हाणं पोचवलं होतं. त्यावर त्यांना काही सविस्तर कळवलं गेल्याचं दिसत नाही. मे २०१७ मध्ये प्रोसेसरच्या मायक्रोकोडची नवी फाइल निघाली. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या, बाहेरून बदलता येणाऱ्या सूचना. डेबियन या लिनक्सच्या वितरणात ती फाइल बसवणाऱ्यांनी बदलांच्या नोंदवहीत चार ओळी लिहिल्या, की एसकेएल१५० नावाचा दुःस्वप्नासारखा दोष या फाइलनं बहुधा दुरुस्त होतो. ती नोंद ओकॅमलच्या गोटातल्या एकाच्या नजरेला पडली. वर्षभराचं कोडं अशा रीतीनं सुटलं. २५ जून २०१७ रोजी डेबियनच्या एन्रिके द मोराइस होलशू यांनी जाहीर इशारा दिला. स्कायलेक आणि त्यानंतरच्या कॅबी लेक पिढीचे प्रोसेसर वापरणाऱ्यांनी मायक्रोकोड बदलावा, नाहीतर हायपर-थ्रेडिंग बंद करावं. ओकॅमलच्या मंडळींनी केलेल्या तपासाचा त्यात उल्लेख होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत लरुआंनी आपली हकिकत लिहिली.

म्हणजे नथ सापडली, पण तसं सांगायला कुणी आलं नाही. फडताळ दुरुस्त झाल्याच्या पावतीवरून ते कळलं.

त्या आखूड लूपमधून ओकॅमलशिवाय आणखी किती प्रोग्रॅम गेले असतील? कुठल्या तरी ऑफिसात रात्री अकरा वाजता कुणाचा तरी हिशेब कोसळला असेल, त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं असेल, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी अंदाजानं एखाद्या बिचाऱ्या कोडचं नाव लिहून तक्रार निकाली काढली असेल. संगणकाच्या धंद्यात ‘पुन्हा दिसलं नाही, सबब बंद’ असा शेरा मारलेल्या तक्रारींचे ढीग असतात. त्यातल्या काहींवर मीही सही केली आहे.

लरुआंची हकिकत वाचली, त्याच्या पुढच्या दिवाळीत मी आईला विचारलं, नथ सापडल्यावर मावशींना कुणी सांगितलं होतं का?

आई चकल्या तळत होती. झारा तसाच कढईवर धरून तिनं आठवायचा प्रयत्न केला.

“सांगणार कुठं?” ती म्हणाली. “त्या राहायच्या कुठं, तेच कुणाला ठाऊक नव्हतं.”